बेंचवर कोण बसणार, ते आधी सांगा

फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीचा, म्हणजे ट्रान्सफरचा, बाजार २०२५ च्या १ सप्टेंबरला बंद झाला आणि भुसावळात आमच्या टोळक्याचं भांडण पेटलं. लंडनच्या आर्सेनल क्लबने यंदाच्या उन्हाळ्यात आठ जण आणले, त्यातली सगळ्यात कामाची खरेदी कोणती? बहुतेकांनी डोळे मिटून स्ट्रायकर ग्योकेरेसचं नाव घेतलं. एकाने एझे म्हटलं, कारण तो टॉटनहॅमच्या तोंडचा घास होता. मी मोस्केरा म्हणालो, तर असा हशा पिकला की चहावाल्यानेसुद्धा वळून बघितलं. व्हॅलेन्सियाहून दीड कोटी पाउंडही न मोजता आणलेला २१ वर्षांचा डिफेंडर पोरगा, आणि म्हणे सगळ्यात कामाची खरेदी!

हसून झालं असेल तर ऐका.

३१ ऑगस्टचा रविवार, गौरी आल्या तो दिवस. अॅनफिल्डवरची लिव्हरपूलशी मॅच आपल्याकडे रात्री नऊला. आरती उरकून आम्ही मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्च्या ओढल्या आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल उभा केला. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, तोवर आर्सेनलचा मुख्य डिफेंडर सालिबा जखमी होऊन खाली बसला. शेजारचा लिव्हरपूलवाला भाचा गालात हसला, "गेला भो मामा तुमचा माणूस." माझ्या पोटात गोळा आला. सालिबा खाली बसला की आर्सेनलच्या माणसाला २०२३ चा मार्च आठवतोच.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १६ मार्च २०२३ ला युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध सालिबाची पाठ गेली. त्याच मॅचमध्ये तोमियासूही गेला. लीगमध्ये आपण, म्हणजे आर्सेनल, पहिले होतो. सालिबाच्या जागी रॉब होल्डिंग आला आणि एप्रिलमध्ये काय झालं ते बघा. लिव्हरपूलशी दोन गोलांची आघाडी घालवून २-२, वेस्ट हॅमशी पुन्हा तसंच २-२, तळाच्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३, आणि मग मँचेस्टर सिटीकडून १-४. आपण ८४ पॉइंट्सवर थांबलो, सिटी ८९ वर. लोकांनी होल्डिंगला किती शिव्या घातल्या! त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच, की त्याला जे जमत नव्हतं ते काम त्याच्या गळ्यात पडलं. सालिबा मागे मोकळं रान सोडून हाफ लाइनपर्यंत चढतो, कारण उलटून धावायची ताकद त्याच्या पायात आहे. होल्डिंगच्या पायात ती नव्हती. त्यामुळे बचावाची आख्खी लाइन दहा पावलं मागे सरकली, तिच्या मागोमाग मिडफिल्ड ओढलं गेलं, आणि वर ओडेगार्ड आणि साका चेंडूची वाट बघत राहिले. एक माणूस बदलला, पण खेळ अकराही जणांचा बदलला.

आता अॅनफिल्ड. सालिबा बाहेर, मोस्केरा आत. समोर चॅम्पियन टीम, अंगावर येणारं मैदान. आणि लाइन जिथे होती तिथेच राहिली. मॅच आपण हरलो, सोबोस्लायच्या फ्री किकवर ०-१. तो गोल कुठल्याही जोडीला थांबवता आला नसता. पण उरलेला वेळ लिव्हरपूलला मोस्केराच्या बाजूने काही सापडलं का? भाचासुद्धा हे कबूल करतो, फक्त चारचौघांत नाही.

स्क्वॉड डेप्थ, म्हणजे बेंचवरच्या राखीव खेळाडूंची ताकद, ही नुसती नावांची यादी नव्हे. हे मला फुटबॉलने नाही, माझ्या काकांनी शिकवलं. काका रेल्वेत स्टेशन मास्तर होते, पण त्यांचं स्वतःचं असं स्टेशन नव्हतं. ते लीव्ह रिझर्व्हमध्ये. कुणाची रजा, कुणाचं आजारपण, कुणाच्या पोरीचं लग्न, की निघाली काकांची पिशवी: सतरंजी, स्टीलचा डबा, बॅटरी. आज निंभोरा, चार दिवसांनी दुसखेडा, मग एकदम दुसऱ्या लाइनला कजगाव. नव्या स्टेशनवर पोचलं की आधी तिथले वर्किंग रूल्स वाचायचे, रजिस्टरात सही करायची, मगच चार्ज. यार्ड वेगळं, पॅनल वेगळं, फाटकं वेगळी. गाडी मात्र तीच, आणि ती अडली तर "मी इथे नवा आहे" हे कंट्रोलर ऐकून घेत नाही. काकांचं नाव कुठल्याच स्टेशनच्या बोर्डावर नसायचं. पण ते होते म्हणून बाकीच्यांना रजा मिळायची. आणि रेल्वेवाला तुम्हाला सांगेल, की असा माणूस मिळणं अवघड असतं. ज्याला काम येतं त्याला स्वतःचं स्टेशन हवं असतं, आणि जो पिशवी घेऊन फिरायला तयार असतो त्याला प्रत्येक ठिकाणचं काम येतंच असं नाही.

फुटबॉल क्लबची अडचण नेमकी हीच. उत्तम खेळाडूला बेंच नको असतो, आणि बेंचवर खूश असलेला खेळाडू सहसा उत्तम नसतो. या दोघांच्या मधला माणूस शोधून आणायचा, त्याला राजी करायचं आणि राजी ठेवायचं. ग्योकेरेसला आणायला पैसे लागतात, स्पोर्टिंगसाठी त्याने गेल्या मोसमात ५४ गोल केलेत हे शेंबडं पोरही सांगेल. नॉर्गार्डला, म्हणजे ब्रेंटफर्डच्या कॅप्टनला, "ये, आणि झुबिमेंडीच्या मागे बस" हे पटवायला पैशापेक्षा जास्त काहीतरी लागतं. केपाचं बघा. २०१८ मध्ये चेल्सीने ७ कोटींवर पाउंड मोजले तेव्हा तो जगातला सगळ्यात महागडा गोलकीपर होता. तोच यंदा ५० लाखांत येऊन पहिल्या पसंतीच्या कीपरच्या, रायाच्या, मागे बसलाय.

मला खरी हळहळ आहे ती डिफेंडर किविओरची. तो जानेवारी २०२३ मध्येच आला होता. म्हणजे होल्डिंग अडखळत होता त्या एप्रिलमध्ये किविओर बेंचवरच होता, पण कोच अर्तेताचा त्याच्यावर भरवसा बसेपर्यंत मे उजाडला आणि लीग हातची गेली. म्हणजे कागदावर डेप्थ होती, साहेबांच्या मनात नव्हती. दोन वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, सालिबाचा जोडीदार गाब्रिएल जखमी झाला आणि समोर उभी राहिली रियल माद्रिद. किविओर उतरला. आपल्याकडे ३-०, तिकडे २-१. सगळे अजून राइसच्या दोन फ्री किकांचे व्हिडिओ बघतात. मीही बघतो, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन्ही मॅचेसमध्ये एम्बापे आणि व्हिनिशियससमोर मागे उभा होता तो हा लीव्ह रिझर्व्हवाला. यंदा त्याला पोर्तोला लोनवर, म्हणजे उसना, दिलंय. त्याला रोज खेळायचंय, त्याचं चुकलं नाही. त्याच्या जागी लेव्हरकुसेनहून हिंकापिए आणलाय, जो लेफ्ट बॅकही खेळतो. हिशेब बरोबर आहे. तरी वाईट वाटतं.

पुढच्या फळीचा हिशेब मात्र गेल्या वर्षी साफ चुकला होता, आणि त्यासाठी मी क्लबला माफ केलेलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात स्मिथ रो फुलहॅमला विकला, एन्केटिया क्रिस्टल पॅलेसला. दोघेही घरची पोरं. डिसेंबरमध्ये साकाचा हॅमस्ट्रिंग गेला, जानेवारीत जेसुसचा गुडघा. जानेवारीचा बाजार उघडा होता. कोण आला? कुणीच नाही. बाजार बंद झाला, मार्तिनेलीचाही हॅमस्ट्रिंग गेला, आणि टीम दुबईला सरावाला गेली तर तिथे हावर्ट्झ जखमी. एकही स्ट्रायकर शिल्लक नाही! मग मिडफिल्डर मेरिनोला पुढे उभं केलं. त्याने लेस्टरला शेवटी शेवटी दोन गोल मारले, आपण नाचलो. पुढच्याच आठवड्यात घरी वेस्ट हॅमकडून ०-१ हरलो, त्यानंतर फॉरेस्टशी ०-०. जुगाड एका मॅचपुरता असतो. गेल्या मोसमात लीग, चॅम्पियन्स लीग आणि दोन कप मिळून आपण ५८ मॅचेस खेळलो. चॅम्पियन्स लीगच्या नव्या रचनेत पहिल्या टप्प्यातच सहाऐवजी आठ मॅचेस झाल्यात. अकरा जणांवर हे निभत नाही, त्यातले अकराही मेसी असले तरी.

इथे भाचा मला अडवतो, आणि त्याचा मुद्दा बिनतोड आहे. "मामा, आम्ही मागच्या वर्षी एक किएसा घेतला, तोही फारसा खेळला नाही. तरी लीग जिंकलो ना?" जिंकलात. ८४ पॉइंट्स, आपण ७४. सालाह ३८ पैकी ३८ मॅचेस खेळला, २९ गोल मारले. व्हॅन डाइक आणि ग्राव्हेनबर्ख प्रत्येकी ३७. पाठीचा कणाच मोसमभर शाबूत. तुमच्या कोच स्लॉटने माणसं नीट वापरली हे खरं, पण वर नशिबाचाही हात होता, आणि तुमच्या क्लबला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नाहीतर जिंकल्यानंतरच्या उन्हाळ्यात एवढी तिजोरी उघडली नसती. शेवटच्या दिवशी इसाकसाठी साडेबारा कोटी पाउंड मोजले. आणि त्याच दिवशी पॅलेसचा डिफेंडर ग्वेही हातातून निसटला. म्हणजे पुढे तीन-तीन जण आणि मागे व्हॅन डाइक ३४ वर्षांचा. २०२०-२१ मध्ये व्हॅन डाइक गेल्यावर मिडफिल्डमधून फाबिन्यो आणि हेंडरसन मागे ओढले होते आणि अॅनफिल्डवर लागोपाठ सहा हरले होते, विसरलास का भो?

अर्थात आपलंही सगळं छान चाललंय असं नाही. आठ जण आणले, पण विकलं काय? पार्टे, जोर्जिन्यो करार संपवून गेले, तोमियासू मोकळा केला, झिंचेंको, किविओर, नेल्सन, फाबियो व्हिएरा लोनवर. तिजोरीत त्या मानाने किरकोळ आलं. २०२५-२६ च्या मोसमात प्रीमियर लीगचा नियम तीन वर्षांत साडेदहा कोटी पाउंडांपेक्षा जास्त तोटा चालवून घेत नव्हता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून दाखवता येते, जास्तीत जास्त पाच वर्षांत. पण अकॅडमीतला पोरगा विकला की सगळी रक्कम एकाच फटक्यात नफा. म्हणून जुना, महागडा, न खपणारा माल लोनवर फिरत राहतो आणि डोळा जातो घरच्या पोरांवर. स्मिथ रो आणि एन्केटिया याच वाटेने गेले. यंदाच्या उन्हाळ्यात अकॅडमीतल्या लुइस-स्केली आणि न्वानेरी यांनी करार वाढवले तेव्हा मला ग्योकेरेस आला त्याहून जास्त बरं वाटलं.

पण न्वानेरी खेळणार कुठे? उजवीकडे साका, त्याच्या मागे मदुएके. मधे ओडेगार्ड, त्याच्या बाजूला एझे. मदुएके येणार म्हटल्यावर आपल्याच लोकांनी ऑनलाइन पिटिशन काढली होती. लीड्सविरुद्ध साका लंगडत बाहेर गेला आणि पुढच्या रविवारी अॅनफिल्डवर तोच मदुएके उजवीकडे उभा होता. पिटिशनवाले आता गप्प आहेत. डेप्थ म्हणतात ती हीच, मला मान्य आहे. पण १८ वर्षांच्या पोराला आठवड्यामागून आठवडे बेंचवर बसवलं तर तो किविओरसारखाच एक दिवस पिशवी उचलेल, आणि त्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही. काराबाओ या छोट्या कपच्या मॅचेस त्याच्या नावावर लिहून टाका. तिथे एझेला कशाला दमवायचं?

आमच्यातले दोघे आत्तापासूनच जानेवारीत नवा लेफ्ट विंगर हवा म्हणतात. मार्तिनेली आटला, ट्रोसार ३० चा झाला, वगैरे. माझं मत उलटं आहे. जानेवारीत मोडलेल्या जागेसाठीच बाजारात जावं, बाकी वेळी नव्या माणसाला लाइन शिकवण्यात दोन महिने जातात आणि तोवर मार्च उजाडतो. डावीकडे एझे खेळू शकतो. नाहीच जमलं तर उन्हाळ्यात बघू.

आता १३ सप्टेंबरला शनिवारी संध्याकाळी पाचला घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्ट आहे. सालिबा बाहेर राहिला आणि गाब्रिएल-मोस्केरा जोडी उतरली, तर हसणाऱ्यांनी एवढं करा: पहिली वीस मिनिटं ग्योकेरेसला सोडा आणि चेंडू पुढे असताना मागचे दोघे कुठे उभे आहेत तेवढं बघा. हाफ लाइनला चिकटून असले तर पुढच्या रविवारचं भरीत तुमच्याकडून, नसले तर माझ्याकडून. कळण्याची भाकरी मात्र माझ्याच घरची.