आईचा टेन-नाइंटीनाइन आणि माझा बंद पडलेला नंबर

ज्यांचे आईवडील इथे अमेरिकेत रिटायर झालेत आणि ज्यांनी त्यांचं सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचं, ऑनलाइन अकाउंट स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या फोन नंबरवर उघडून दिलंय, त्यांच्यासाठी ही पोस्ट. मीही तेच केलं होतं. आईला कशाला त्रास, मी करते ना पटकन, असं म्हणून. चुकलं माझं, आणि ते कळायला चार वर्षं गेली.

झालं असं की आईचा टेन-नाइंटीनाइन हरवला. म्हणजे फॉर्म एसएसए-१०९९, जो जानेवारीत पोस्टाने घरी येतो, मागच्या वर्षभरात सोशल सिक्युरिटीचे किती पैसे मिळाले ते त्यावर असतं आणि तोच आकडा टॅक्स रिटर्नमध्ये भरायचा असतो. आईने डिसेंबरमध्ये घर बदललं, सगळीकडे खोकी पडलेली, त्यात तो कागद आला आणि मेडिकेअरच्या जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रिसायकलिंगमध्ये गेला असणार. फेब्रुवारीत तिचा फोन आला, आवाज इतका पडलेला की मला वाटलं तब्येतीचं काहीतरी आहे. आयुष्यभर प्रत्येक बिल, प्रत्येक पावती फाइलला लावलेली बाई ती, तिच्यासाठी एक कागद सापडत नाही म्हणजे काय ते मला माहितेय.

पण ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाहीये. मी पोचेपर्यंत तिने बँकेची बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढून वहीत बेरीज करून ठेवली होती. म्हणाली, कागद कशाला पाहिजे, आलेले पैसे हे बघ समोर आहेत. आणि इथेच बरेच जण फसतात म्हणून सविस्तर लिहितेय. बँकेत जे जमा होतं ते मेडिकेअर पार्ट बीचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्रीमियम कापून झाल्यावर जमा होतं. २०२५ मध्ये स्टँडर्ड प्रीमियम महिन्याला १८५ डॉलर होता, म्हणजे वर्षाचे २,२२० डॉलर बँकेत कधी दिसलेच नाहीत. फॉर्मवरचा आकडा मात्र कापण्याआधीचा असतो. बॉक्स ५ मध्ये जी निव्वळ रक्कम म्हणतात ती सुद्धा प्रीमियम वजा करून नाही, तुम्ही सरकारला काही परत केलं असेल तर तेवढंच त्यातून वजा असतं. रिटर्नमध्ये हा बॉक्स ५ चा आकडा जातो, आणि हीच माहिती आयआरएसकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडेही गेलेली असते, त्यामुळे वहीतली बेरीज भरली की आकडे जुळत नाहीत आणि काही महिन्यांनी पत्र येतं. आपण काही लपवलेलं नसतं तरी. आणि टॅक्स आधीच कापून घेत असाल तर तो बॉक्स ६ मध्ये असतो, तो भरायचा राहिला तर आपलेच पैसे परत मिळायचे राहतात.

तर डुप्लिकेट हवा. तो मिळायला खरंतर काहीच अवघड नाही, १ फेब्रुवारीपासून माय सोशल सिक्युरिटी अकाउंटवर मागच्या वर्षाचा फॉर्म असतो, आत जायचं, रिप्लेसमेंट डॉक्युमेंट्सवर क्लिक करायचं, वर्ष निवडायचं, पीडीएफ डाउनलोड. एक पैसा लागत नाही. मी आईला म्हटलं, पाच मिनिटं थांब.

ह्या अकाउंटमध्ये आम्ही लॉगिन डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवरून जायचो. तिथे पासवर्ड टाकला आणि त्याने कोड पाठवला. माझ्या जुन्या नंबरवर, जो मी दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलताना सोडून दिला होता! फोन नसला तर वापरायचे बॅकअप कोड? ते अकाउंट उघडताना स्क्रीनवर आले होते आणि मी पुढे पुढे क्लिक करत गेले होते. दुसरा कुठला मार्ग लावून ठेवलेलाच नव्हता. म्हणजे आईचे पैसे, आईचं नाव, आईचा सोशल सिक्युरिटी नंबर, आणि आत जायची किल्ली माझ्या बंद पडलेल्या फोनमध्ये. ती बाजूला खुर्चीवर बसून होती, काही बोलली नाही, नंतर एवढंच म्हणाली, "म्हणजे हे माझं नव्हतंच का?" मला त्या वाक्याने फार लागलं.

मग जुनं लॉगिन अकाउंट डिलीट करायची रिक्वेस्ट टाकली, त्याला २४ तास थांबावं लागतं, ते थांबलो. दुसऱ्या दिवशी नवीन उघडलं आणि ह्यावेळी मी ठरवलं की कीबोर्डला हात लावायचा नाही. ईमेल तिचा, फोन तिचा, पासवर्ड तिने ठरवला, मला सांगितलाही नाही आणि मी विचारलाही नाही. लायसन्सचा पुढून-मागून फोटो तिनेच काढला, तीन वेळा धूसर आला, चौथ्यांदा जमला. बॅकअप कोड आले ते तिने प्रिंट न करता हाताने वहीत लिहून घेतले, एकेक अक्षर मोठ्याने वाचत. अख्खी दुपार गेली त्यात आणि मध्ये दोनदा मला वाटलं की दे इकडे, मी करते. नाही केलं. शेवटी फॉर्म उघडला तेव्हा तिने आधी वही काढली आणि प्रीमियमचे पैसे मिळवून आपली बेरीज जुळते का ते बघितलं. डॉलरला डॉलर जुळली.

ज्यांचं लायसन्स संपलंय किंवा जे गाडी चालवत नाहीत त्यांनी स्टेट आयडी काढून ठेवा, तो चालतो. ऑनलाइन ओळख पटवायला जमत नसेल तर लॉगिन डॉट गव्हची ओळख काही पोस्ट ऑफिसांमध्ये प्रत्यक्ष जाऊनही पटवता येते. आणि ज्यांचं अकाउंट सप्टेंबर २०२१ च्या आधीचं आहे, जुन्या युजरनेमवालं, त्यांना आता लॉगिन डॉट गव्ह किंवा आयडी डॉट मी मधूनच जावं लागतं, तेव्हा एप्रिलमधल्या टॅक्स भरायच्या तारखेची वाट न बघता आत्ताच एकदा आत जाऊन या. कॉम्प्युटर नकोच असेल तर सोशल सिक्युरिटीच्या १-८००-७७२-१२१३ ह्या नंबरवर फोन करून फॉर्म पोस्टाने मागवता येतो, फक्त त्यांच्याकडे पत्ता नवीन आहे ना ते आधी बघा. आमच्यासारखं घर बदललेलं असेल तर विशेष.

काही जण म्हणतील, आई-बाबांना नाहीच जमत तर मुलांनी का करू नये. मदत करा की, शेजारी बसा, अक्षरं मोठी करून द्या. पण दुसऱ्याच्या नावाने अकाउंट उघडणं नियमातच बसत नाही, त्याची लेखी परवानगी असली तरी. आणि माझ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे असं म्हणूनही सोशल सिक्युरिटीकडे काही उपयोग होत नाही, ते ती मानत नाहीत. आईवडिलांना खरोखरच व्यवहार सांभाळता येत नसतील तर रिप्रेझेंटेटिव्ह पेयी, म्हणजे त्यांच्या वतीने पैसे सांभाळणारा, म्हणून रीतसर अर्ज करायचा, मग त्या मुलाला स्वतःच्याच अकाउंटमधून त्यांचा फॉर्म काढता येतो. नवरा-बायको दोघांना मिळत असेल तर फॉर्म दोन आणि अकाउंटही दोन, रिटर्न एकत्र भरत असलात तरी.

पैशांचंही सांगते कारण आमच्या ओळखीतल्या एका काकांकडून एका टॅक्सवाल्याने हा फॉर्म "काढून देण्याचे" ७५ डॉलर घेतले, त्यासाठी काकांचा पासवर्डही घेतला, आणि काकांनी बिचाऱ्यांनी दिला. मी नाव घेत नाही, पण संताप होतो माझा. जे फुकट आहे त्याचे पैसे, आणि वर अख्खी किल्ली त्याच्या हातात. तसंच "तुमचं सोशल सिक्युरिटी स्टेटमेंट तयार आहे, इथे क्लिक करा" अशा ईमेलवर कुणीही क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करा, एसएसए डॉट गव्ह. शेवटी गव्ह आहे ना ते बघून मगच पुढे.

आणि "आम्हाला कुठला टॅक्स" म्हणून फॉर्म फेकून देऊ नका. सोशल सिक्युरिटीवर १९८४ पासून टॅक्स लागू झाला, त्याची मर्यादा एकट्यासाठी २५,००० आणि जोडप्यासाठी ३२,००० डॉलर अशी ठरली, आणि ती आजही तीच आहे, महागाईप्रमाणे कधी वाढवलीच नाही. ही मर्यादा मोजताना सोशल सिक्युरिटीची अर्धी रक्कम अधिक बाकीचं उत्पन्न धरतात, टॅक्स-फ्री व्याजसुद्धा. पेन्शन वाढते, मर्यादा तिथेच, म्हणजे दरवर्षी आणखी थोडे म्हातारे त्या रेषेच्या वर ढकलले जातात. मला हा सरळ अन्याय वाटतो. एक मात्र नीट समजून घ्या, ८५ टक्के हा जो आकडा सगळे घाबरून सांगतात तो टॅक्सचा दर नाहीये, जास्तीत जास्त ८५ टक्के रक्कम टॅक्सला धरली जाते, मग त्यावर तुमचा नेहमीचा दर. आणि व्हॉट्सअॅपवर फिरतंय की सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स रद्द झाला, ते खरं नाही. २०२५ च्या कायद्याने ६५ किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना माणशी ६,००० डॉलरपर्यंतचं वेगळं डिडक्शन दिलंय, २०२५ ते २०२८ ह्या चार वर्षांसाठी, जास्त उत्पन्न असेल तर ते कमी होत जातं. त्यामुळे बऱ्याच जणांचा टॅक्स कमी होईल, काहींचा शून्यही होईल, पण फॉर्म लागणारच.

फक्त एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी वेगळी सरकारी मदत, मिळत असेल तर हा फॉर्म येतच नाही, त्यावर टॅक्स नाही, तेव्हा शोधत बसू नका. नागरिकत्व न घेता अमेरिकेबाहेर राहायला गेलेल्यांना एसएसए-१०४२एस नावाचा वेगळा फॉर्म येतो. नागरिक असाल तर पुण्यात राहिलात तरी १०९९च.

येत्या शनिवारी दुपारी मी त्या काकांकडे जातेय, पासवर्ड बदलून घ्यायला आणि ह्या वर्षीचा फॉर्म त्यांच्याच हाताने काढायला. आईपण येणार आहे, म्हणाली फोटो कसा धरायचा ते मी दाखवते त्यांना. जवळपास राहणाऱ्यांपैकी कुणाला आपल्या आईबाबांना आणायचं असेल तर मेसेज करा, येताना त्यांचं लायसन्स किंवा स्टेट आयडी, त्यांचा स्वतःचा फोन, तोही चार्ज केलेला, आणि कोड लिहायला एक वही एवढं आणा.