‘छोटी लिंक म्हणजे फ्रॉड’ हा फॉरवर्ड कृपा करून पुढे पाठवू नका

“छोटी लिंक म्हणजे शंभर टक्के फ्रॉड, पूर्ण लांब पत्ता आणि सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तरच उघडा, छोटीवर नुसतं बोट लागलं तरी खातं रिकामं” असा फॉरवर्ड फिरतोय, तो आमच्या सासूबाईंपर्यंतही पोचला. त्यांनी पाणीपट्टीचा खरा एसएमएस डिलीट केला आणि व्हॉट्सॲपवर आलेली ई-चलानची बोगस लांबलचक लिंक उघडायला घेतली, का तर पत्ता पूर्ण दिसतोय! डोकं फिरतं अशाने.

म्हणून सगळ्यात घातक मुद्दा आधी. लांब म्हणजे खरी, हे साफ चूक. एचटीटीपीएसचा अर्थ इतकाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं मधे कुणाला वाचता येत नाही, साइट कुणाची ते त्यावरून कळत नाही, चोरालाही ते सर्टिफिकेट फुकटात मिळतं. आणि पत्त्यात ‘परिवहन’ हा शब्द कुणीही घालू शकतं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या अगदी आधी काय लिहिलंय ते वाचा. सरकारी ई-चलानला तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ लिहून त्यालाच पुढे डॉट देऊन भलतंच नाव आणि ‘डॉट कॉम’ चिकटवलं असेल तर ती साइट त्या भलत्याच माणसाची.

छोटी लिंक म्हणजे लांब पत्त्याऐवजी दिलेला आखूड पत्ता, उघडला की खऱ्या पत्त्यावर नेणारा. ती वापरतात जागेसाठी. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजतात, ‘ग्राहकांसाठी’ या एका शब्दालाच १२ जातात. मग रक्कम, तारीख आणि वर लांब लिंक बसणार कुठे?

शिवाय ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका-कंपन्यांना एसएमएसमधली लिंक आधी व्हाइटलिस्ट, म्हणजे मंजूर यादीत नोंद, करून घ्यावी लागते, नाहीतर टेलिकॉम कंपनी तो मेसेजच अडवते. पण हे नोंदणी केलेल्या नावाने येणाऱ्या एसएमएसपुरतं, साध्या दहा आकडी नंबरवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्याला ही चाळणी नाही. मेसेज आला कुठून ते आधी बघा, आणि नेमकं हेच त्या फॉरवर्डमध्ये नाही.

‘ट्विटरवर अक्षरं वाचवायला लिंक छोटी करावी लागते’ हेही त्यात आहे. जुनी गोष्ट. १४० ची मर्यादा २०१७ मध्येच २८० झाली आणि लिंक केवढीही असो, तिथे २३ अक्षरंच धरतात.

बरं, छोट्या लिंकमागे काय दडलंय ते दिसत नाही, एवढं मान्य. बिटली या लिंक छोटी करणाऱ्या सेवेची (bit.ly ने सुरू होणारी) असेल तर न उघडता कॉपी करा, ब्राउझरमध्ये टाकून शेवटी + लावा, खरा पत्ता आधी दिसतो.

राहिलं बोट लागण्याचं. नुसत्या क्लिकने सहसा पैसे जात नाहीत, जातात ते पुढच्या पायरीला, ओटीपी किंवा पिन टाकला की, नाहीतर चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल (म्हणजे ॲपच) इन्स्टॉल करून तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली की. तसं झालंच तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार न करता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यात सरकत जातात.