गरमीत टायर फुटतो तो जास्त हवेने नव्हे

थंडी ओसरायला लागली की दरवर्षी एक संदेश फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘धुकं गेलं, थंडी गेली, वसंत आला. वाहन चालवायला वर्षातला सगळ्यात सुरक्षित काळ हाच. फक्त वाढत्या उन्हाने टायर फुटू नये म्हणून हवा पाच-सहा पीएसआयने कमी ठेवा. मध्येच पाऊस आला तर काळजी नको, सरीने रस्ता धुऊन निघतो आणि पकड वाढते. परागकणांनी शिंका येत असतील तर गोळी घेऊनच गाडी काढा.’ खाली ‘सर्वांना पाठवा’ हे आहेच. (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक.)

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ज्या संकटाची भीती घातली आहे, तेच हवेची सूचना पाळणाऱ्यावर ओढवण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी तिच्याकडेच वळू.

गरम झाली की हवा प्रसरण पावते, हे शाळेत शिकलेलं खरं आहे आणि संदेश पटतो तोही त्यामुळेच. प्रश्न आहे किती, हा. बाहेरचं तापमान 10 अंश सेल्सियसने वाढलं तर 32 पीएसआय भरलेल्या टायरमध्ये दाब वाढतो साधारण दीड पीएसआय. गाडी वेगात बराच वेळ पळाली की आणखी चार-पाच. कंपनीने दरवाजाच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. म्हणून तर तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. त्यात हवा रबरातूनही झिरपत असते, महिन्याला एखादा पीएसआय. थंडीत भरलेली हवा वसंतापर्यंत तेवढीच राहिलेली नसते. ऊन जेवढं वाढवतं, बऱ्याचदा तेवढं आधीच निघून गेलेलं असतं.

मग टायर फुटतो कशाने? लोखंडी तार मोडायची असली की आपण ती पुन्हा पुन्हा वाकवतो. मोडायच्या आधी ती हाताला चटका देते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीचं तेच होतं. जमिनीला टेकताना ती जास्त दबते आणि उचलली गेली की पुन्हा सरळ होते. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाला मोटारीचं चाक मिनिटाला साधारण 700 फेरे घेतं, म्हणजे भिंत तितक्या वेळा वाकते. त्याने टायर तापतो. ही उष्णता बाहेरच्या उन्हातून आलेली नसते, टायर ती स्वतःच तयार करतो. आतल्या पोलादी पट्ट्यांपासून रबर सुटायला लागतं, आणि मग एके ठिकाणी सगळंच सुटतं. रस्ता तापलेला असेल तर ही उष्णता बाहेर पडायलाही जागा नाही.

याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर या मोटारीला लावलेले होते आणि धावताना त्यांचा वरचा थर सुटून येत होता. तक्रारींचा भर उष्ण दक्षिणेकडच्या राज्यांवर होता. टायरच्या रचनेत आणि बनावटीत दोष होते, पण वादाचा एक मोठा मुद्दा हवेचा होता: फोर्डने शिफारस केली होती 26 पीएसआयची, फायरस्टोनचं म्हणणं होतं 30 हवी. आपल्या संदेशातला सल्ला 32 मधून सहा वजा करून नेमका त्या 26 वर येतो! त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या मोटारींत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब शिफारशीपेक्षा 25 टक्क्यांनी उतरला की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. दाब वाढल्याचा इशारा द्यावा असं त्यात कुठेही नाही.

प्रवासात थांबून टायरला हात लावायचा, तो गरम लागला म्हणून हवा सोडायची, हा याच समजुतीचा पोटप्रकार. सकाळी तोच टायर निवल्यावर मोजा, म्हणजे हवा किती कमी झाली ते कळेल.

आता पाऊस. जोरदार पाऊस बराच वेळ पडला तर रस्ता धुऊन निघतो, एवढं बरोबर. पण पहिल्या सरीत नव्हे. कोरड्या आठवड्यांत रस्त्यावर तेलाचे थेंब, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ साचलेली असते. सुरुवातीचं थोडंसं पाणी ते धुऊन नेत नाही, कालवतं. अमेरिकेतल्या 1975 ते 2000 या वर्षांतल्या अपघातांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात, आधीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीचा असेल तर एक सेंटिमीटर पावसामागे प्राणघातक अपघात सुमारे 3 टक्क्यांनी वाढलेले दिसले. वीसहून जास्त कोरड्या दिवसांनंतर पडलेल्या तेवढ्याच पावसाने मात्र सुमारे 9 टक्क्यांनी. ‘पकड वाढते’ला याहून सरळ उत्तर काय द्यायचं?

इथे हवेचा मुद्दा पुन्हा आडवा येतो. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो, याचं एक सूत्र ‘नासा’ने 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी मांडलं. त्यात दाबाचं वर्गमूळ येतं. मोटारीला ते ढोबळच लागू पडतं, खोबण्या किती झिजल्यात आणि पाणी किती खोल आहे यावरही बरंच अवलंबून असतं. तरी दिशा कळते. 32 पीएसआयला हा वेग येतो ताशी सुमारे 94 किलोमीटर, 26 ला सुमारे 85. म्हणजे संदेश तंतोतंत पाळणारा माणूस निसरड्या रस्त्यावर निर्धास्त जातो, तेही लवकर तरंगणारी चाकं घेऊन.

शिंकांची गोळी. ताशी 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, तेव्हा शिंकेला डोळे मिटणं धोक्याचं, हे मान्य. पण कुठली गोळी? डायफेनहायड्रामिनसारखी शिंकांवरची जुनी औषधं मेंदूपर्यंत पोचतात आणि गुंगी आणतात. आयोवा विद्यापीठात 40 जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून केलेला प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. या औषधाच्या 50 मिलिग्रॅमनंतर काही बाबतींत चालकांचं काम दारू घेतल्यावरच्यापेक्षाही वाईट झालं. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाने तसा फरक पडला नाही. जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: किती झोप येतेय असं वाटतं, यावरून चालवणं किती बिघडलंय याचा नीट अंदाज येत नव्हता. ‘मला तर काही गुंगी वाटत नाही’ हे वाक्य म्हणून फारसं कामाचं नाही. पाकिटावरचं नाव वाचा, डॉक्टरांना विचारा, आणि नवी गोळी पहिल्यांदा घेतली त्या दिवशी स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

राहिला ‘सगळ्यात सुरक्षित काळ’. धुकं गेलं की लांबचं दिसतं, आणि लांबचं दिसलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. हवा आल्हाददायक झाली की सायकली, दुचाक्या, खेळणारी मुलंही रस्त्यावर येतात, तेव्हा वाढलेल्या वेगाच्या समोर कोण असतं ते उघड आहे.

शिवाय या दिवसांत दिसणं तरी खरंच सोपं असतं का? 20-21 मार्चच्या आसपास सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ तो थेट काचेत येतो. थंडीभर काचेच्या आतून साचलेला धुरकट थर एरवी जाणवत नाही, तेव्हा मात्र अख्खी काच पांढरी करतो. तो आधीच पुसून घ्यावा. आणि सूर्य पाठीशी असेल, आपल्याला सगळं लख्ख दिसत असेल, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तोच सूर्य आहे. आपली गाडी त्याला दिसावी म्हणून दिवे भर उजेडातही लावलेले बरे.