दोन वर्षांच्या बाळाला वाचता येतं म्हणे!

काही महिने गेले की हा फॉरवर्ड पुन्हा उगवतोच. कधी सोबत एखाद्या लहानग्याचा व्हिडिओ असतो, कधी फ्लॅशकार्डांच्या संचाची लिंक. मजकूर साधारण असा: मेंदूची ९० टक्के वाढ पहिल्या पाच वर्षांत होते, मग दार बंद. म्हणून बाळ सहा महिन्यांचं झालं की रोज पाच मिनिटं शब्दांची कार्डं दाखवा, दोन वर्षांचं होईस्तोवर ते वाचायला लागेल. अमेरिकेत हे सिद्ध झालंय. मराठी तर जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणजे आणखी सोपं. लवकर वाचणारं मूल पुढे कायम पुढेच राहतं. आणि नाहीच जमलं, तर नुकसान काय?

फॅमिली ग्रुपवर आत्या हे टाकते, खाली अंगठे पडतात आणि कुणीतरी आठ महिन्यांच्या बाळाची आई रात्री दोन वाजता दूध पाजता पाजता कार्डांच्या किमती बघत बसते. तिच्यासाठी हे लिहितेय. आत्याशी आपलं भांडण नाही.

"अमेरिकेत सिद्ध झालंय"

अमेरिकेत झालं ते नेमकं उलटं. ही कल्पना गाजवली फिलाडेल्फियाच्या ग्लेन डोमन यांनी. १९६४ मध्ये त्यांचं बाळांना वाचन शिकवण्याचं पुस्तक आलं. लाल रंगातले ठळक, मोठे शब्द बाळापुढे भराभर धरायचे, ही त्यांची पद्धत. आज मिळणारे बरेचसे संच त्याच वळणाचे आहेत. पुढे डीव्हीडीचा जमाना आला आणि 'युअर बेबी कॅन रीड' नावाचा संच निघाला. किंमत साधारण २०० डॉलर. नऊ महिन्यांचं बाळसुद्धा वाचायला लागतं, असा दावा आणि टीव्हीवर जाहिरातींचा मारा.

२०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेने, हे दावे खोटे आणि बिनपुराव्याचे आहेत म्हणून कारवाई केली. कंपनीने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. तडजोडीत १८.५ कोटी डॉलरचा निवाडा झाला, पण कंपनीची ऐपतच उरली नव्हती म्हणून ५ लाख डॉलर भरून घेऊन बाकी रक्कम स्थगित ठेवली. २०१४ मध्ये संचाच्या निर्मात्यानेही तडजोड केली आणि ते नाव पुन्हा वापरायला त्याला बंदी झाली.

कुणी म्हणेल, सरकारी कारवाई म्हणजे काही विज्ञान नव्हे. बरोबर. म्हणून सुझन न्यूमन या शिक्षण-संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी त्याच २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. ९ ते १८ महिन्यांची ११७ बाळं घेतली आणि कोण कुठल्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडलं. एका गटाच्या घरी डीव्हीडी, कार्डं, पुस्तकं असा सगळा संच दिला आणि सात महिने तो वापरला गेला. दुसऱ्या गटाला काही नाही. मग अक्षरांची नावं, ध्वनी, शब्द ओळखणं, शब्दसंग्रह, अर्थ कळणं अशा एकूण १४ चाचण्या. बाळांची नजर कुठे जाते हे टिपणारी यंत्रंही वापरली. १४ पैकी १३ चाचण्यांत दोन गटांत काही फरक नाही. उरलेल्या एकीत फरक होता तो पालकांच्या समजुतीत. बाळं वाचायला शिकली नाहीत, हा निष्कर्ष.

माझ्या दृष्टीने या प्रयोगातली खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. शेवटी आईवडिलांच्या मुलाखती घेतल्या, तर संचवाल्या घरांतले पालक खात्रीने सांगत होते की आमचं बाळ वाचायला शिकतंय, त्याचे शब्द वाढलेत. ते खोटं बोलत नव्हते. सात महिने रोज बाळापुढे बसलेल्या माणसाला बाळ रोज काहीतरी नवं करताना दिसणारच, कारण नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत प्रत्येक बाळ रोज काहीतरी नवं करतंच. श्रेय तेवढं संचाला जातं. २०१० च्या आणखी एका अमेरिकी अभ्यासातही असंच दिसलं. बाळांसाठीची एक लोकप्रिय डीव्हीडी महिनाभर दाखवली, बाळं त्यातून फारसं काही शिकली नाहीत, आणि ज्या पालकांना ती डीव्हीडी जास्त आवडली त्यांनाच बाळ जास्त शिकल्यासारखं वाटलं.

तेव्हा "आमच्याकडे तर फरक पडला" ही कॉमेंट कितीही मनापासून लिहिलेली असो, पुरावा म्हणून ती जमेस धरता येत नाही.

"पण व्हिडिओत बाळ स्पष्ट वाचतंय"

बाळ काहीतरी करतंय, यात वाद नाही. काय करतंय, ते बघू.

तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाला पार्ले-जीचा पुडा दाखवा. "पार्लेजी!" पिवळा कागद, लाल पट्ट्यातली पांढरी अक्षरं, ती छोटी मुलगी. आता तीच अक्षरं पेन्सिलीने साध्या वहीवर लिहा आणि विचारा. मूल तुमच्या तोंडाकडे बघेल. १९८४ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी हे पेप्सीच्या बाबतीत केलं. लोगो तसाच ठेवून पहिलं अक्षर बदललं, पेप्सीचं 'झेप्सी' झालं. तीन ते पाच वर्षांची मुलं बिनदिक्कत "पेप्सी" म्हणाली. अक्षरांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

कार्डांचंही तेच. 'हत्ती'च्या कार्डाचा कोपरा चावलेला, 'केळं'च्या कार्डावर वरणाचा डाग, 'बाबा'चं कार्ड नेहमी 'आई'नंतर येणारं. बाळाची स्मरणशक्ती जबरदस्त असते, त्याला एवढं पुरतं. घरच्या घरी तपासायचं तर तेच शब्द दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, वेगळ्या कागदावर, उलटसुलट क्रमाने दाखवा. आणि खरी परीक्षा म्हणजे कधीच न दाखवलेला शब्द. 'नख' आणि 'कमळ' येणाऱ्या मुलाला 'नळ' वाचता आला, तर ते वाचतंय. नाही आला, तर चित्र ओळखतंय. चित्र ओळखणं वाईट नाही, पण त्यासाठी गाय, बस आणि आजीचा फोटो पुरेसा आहे.

"मराठी तर सोपी"

ज्यांनी पहिलीच्या वर्गात एक जून काढलाय त्यांना हा मुद्दा ऐकून हसू येईल.

इंग्रजीत स्पेलिंगचा भरवसा नाही, म्हणून तिथे अख्खा शब्द पाठ करण्याचा मोह समजण्यासारखा तरी आहे. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांची जोडी बऱ्यापैकी पक्की, म्हणून अख्ख्या शब्दाचं कार्ड दाखवणं म्हणजे लिपीची एकुलती एक सवलत नाकारण्यासारखं. आणि पक्की म्हणजे सोपी असं नाही. तीसेक व्यंजनांना बाराखडीने गुणा, चारशेच्या आसपास आकृत्या होतात, जोडाक्षरं धरलीच नाहीत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात नंतर येते. 'सूर्य'मधला र उच्चारात य च्या आधी आणि कागदावर य च्या डोक्यावर. 'चार' आणि 'चाक' यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. कानडीची लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची. तिथल्या शाळांमधल्या सोनाली नाग यांच्या अभ्यासात दिसलं की सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो. यात मुलं कमी पडत नाहीत. मालच तेवढा आहे.

या मालाची तयारी कानाने होते. बडबडगीतातलं यमक पकडणं, अंताक्षरीत शेवटचं अक्षर उचलणं, "'कमळ'मधला क पळाला, काय उरलं?" या प्रश्नावर "मळ" म्हणून खिदळणं. हे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमायला लागतं आणि त्याला कागदही लागत नाही.

"९० टक्के मेंदू, मग दार बंद"

यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. सहा वर्षांच्या आत मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहा वर्षांआधी मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, असं वाक्य आहे. (त्याच धोरणात पहिलीचं वय सहा आहे, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत.) पण आकार भरला म्हणजे शिकणं थांबलं, हे कुठून आलं? दृष्टीसाठी, भाषेतले ध्वनी वेगळे ऐकण्यासाठी लहान वयातला काळ नाजूक असतो. वाचनाचं तसं नाही. लिपी ही माणसाने पाचेक हजार वर्षांपूर्वी शोधलेली युक्ती आहे, तिच्यासाठी जन्मजात ठरलेली वेळ मेंदूत असणार कशी?

२०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या निरक्षर, लहानपणी साक्षर झालेल्या आणि मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांचे मेंदू तपासले गेले. वाचनामुळे मेंदूत जे बदल होतात, त्यांतले बरेचसे मोठेपणी शिकलेल्यांतही सापडले. एवढं लांब जायचं नसेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जा. २०१६ च्या महिला दिनापासून तिथे आजीबाईंची शाळा भरते, साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारीत, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरं गिरवतात.

"लवकर वाचणारं मूल पुढेच राहतं"

इथे समोरच्याच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. काही मुलं शाळेआधीच खरोखर वाचतात. डोलोरेस डर्किन या संशोधिकेने १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या अशा मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला आणि त्यांची आघाडी टिकलेलीही दिसली. पण त्या घरांत काय चालायचं? मुलाला रोज वाचून दाखवणारं कुणीतरी असायचं, कागद-पेन्सिल हाताशी असायची, मूल "इथे काय लिहिलंय?" विचारायचं आणि कुणीतरी उत्तर द्यायचं. मागणी मुलाची होती. सहा महिन्यांच्या बाळाची मागणी वेगळी असते, ती तुम्हाला माहीत आहे.

सरसकट सगळ्यांना लवकर शिकवलं तर काय होतं, हे न्यूझीलंडमध्ये तपासलं गेलं. तिथे सरकारी शाळांत पाचव्या वर्षी वाचन सुरू होतं, स्टायनर शाळांत, म्हणजे औपचारिक शिक्षण मुद्दाम उशिरा सुरू करणाऱ्या शाळांत, सातव्या. २०१३ च्या अभ्यासात अकराव्या वर्षापर्यंत उशिरा सुरू केलेल्यांनी गाठलेलं दिसलं. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते.

आपल्याकडे या घाईमागे खरी भीती असते ती नर्सरीच्या इंटरव्ह्यूची, हे मान्य. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणं बेकायदा आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड. (कायदा मुळात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा, नर्सरीला तो लागू होतो का यावर वाद आहे.) जी शाळा अडीच वर्षांच्या मुलाला पांढऱ्या फळ्यापुढे उभं करून अक्षरं विचारते, तिथे मूल पास झालं तरी पाठवायचं का, हा विचार पालकांनी करावा.

"नुकसान काय?"

पैसे सोडून देऊ. पाच मिनिटंही सोडून देऊ, कार्ड चघळत बाळ हसत असेल तर चालू द्या. नुकसान सुरू होतं ते पाचाची पंचवीस मिनिटं झाली की, आणि कार्डांचा व्हिडिओ मोबाईलवर लावून बाळाला खुर्चीत बसवलं की. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, असं सांगितलं ते उगाच नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, तेव्हा बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

बाळाला हवा असतो तो आळीपाळीचा खेळ: ते "बा" म्हणतं, तुम्ही "बाबा ना? बाबा ऑफिसला गेले" म्हणता, ते परत काहीतरी म्हणतं. कार्ड दाखवताना हा खेळ थांबतो, कारण तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं. पुस्तक मांडीवर घेतलं तर थांबत नाही. चित्रातल्या मांजरीकडे बोट, मग खिडकीबाहेरच्या मांजरीकडे, मग पान उलटं, मग पुस्तक तोंडात. हे पहिल्या महिन्यांपासून जरूर करा. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घेता येतात.

आता एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओंच्या कौतुकात हमखास सुटते. दोन-अडीच वर्षांचं एखादं मूल न शिकवता खरंच वाचायला लागतं: गाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दिवसभर तेच. आणि त्याच वेळी हाक मारली तर वळत नाही, नजर देत नाही, वाचलेल्याचा अर्थ विचारला तर गप्प. याला हायपरलेक्सिया म्हणतात आणि बरेचदा ते स्वमग्नतेसोबत (ऑटिझम) दिसतं. असं मूल हुशार असू शकतं, पण त्याला बोलण्यासाठी, माणसांत मिसळण्यासाठी मदत लागू शकते, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकी बरी. अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. व्हिडिओ ग्रुपवर नंतर टाकला तरी चालेल.