तांबडा दिवा

कोल्हापुरात तांबडा म्हटलं की रस्सा. पण देवळाजवळच्या लॉजवर पहाटे साडेचारला तांबडा म्हणजे बॉयलरच्या बर्नरवरचा दिवा, बर्नर अडून बंद पडला की लागणारा. वर खोल्याखोल्यांतून "मामा, पाणी गारच हाय की!" असा गजर, आणि खाली मामा दिव्याचं बटण दाबतायत. एकदा, तीनदा, सातव्यांदा. बटणाला कधीतरी दया येईल या आशेवर.

या बटणावर माझा राग आहे. ते रिसेटचं आहे, दुरुस्तीचं नव्हे. दर दाबणीला थोडा न जळलेला गॅस भट्टीत जातो. ब्लोअर, म्हणजे भट्टीत हवा मारणारा पंखा, तो झाडून काढतो खरा, पण त्याच्या भरवशावर जुगार खेळू नये. आधी जमिनीलगत वास घ्या, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. वास आला तर व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी आणि लाईटच्या स्विचलाही हात नाही. वास नसेल तर एकदाच बटण दाबा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि हात मागे बांधून उभे राहा. मामांना हे शेवटचं फार जड जातं.

बर्नर कितव्या सेकंदाला अडतो, त्यावरून दुखणं कळतं. ब्लोअर फिरलाच नाही तर वीज, थर्मोस्टॅट, हाय-लिमिट (पाणी फार तापलं की बर्नर तोडणारा स्विच) आणि गॅसचा प्रेशर स्विच बघा. ब्लोअर तीसेक सेकंद घोंघावला पण ठिणगी पडायच्या आतच दिवा लागला, तर हवेचा प्रेशर स्विच, ब्लोअरची हवा येतेय का हे बघणारा. त्याची नळी पेन्सिलीएवढी, आणि कुंभारीण माशीला घर बांधायला अशीच जागा आवडते. नळी काढून फुंकर मारा, मातीचं अख्खं बिऱ्हाड बाहेर येतं. शेजारी लॉन्ड्री असेल तर ब्लोअरच्या तोंडाशी टॉवेलांचा कापूसही साठलेला असतो.

ठिणगी दिसते, सोलेनॉइड (गॅस सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) 'टक' करतो, पण ज्योत नाही? मग सिलिंडरकडे जा. एक लाख किलोकॅलरीचा बॉयलर तासाला दहा किलोच्या आसपास गॅस खातो. त्याला १९ किलोचे दोनच सिलिंडर जोडले की थोड्याच वेळात दोन्हींच्या अंगावर बर्फ धरतो. आतला द्रव उकळून वायू होतो, त्यासाठीची उष्णता तो सिलिंडरच्याच अंगातून ओढतो. मग थंडीत दाब बसतो. यावर गावठी इलाज दोन. एक, सिलिंडर आडवा करायचा, म्हणजे वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये घुसतो. हे कधीही करू नका. दुसरा, चुलीवर पाणी तापवून सिलिंडरवर ओतायचं. म्हणजे ज्या गरम पाण्यासाठी बॉयलर आणला, तेच बॉयलर चालावा म्हणून आधी तापवायचं! खरा इलाज म्हणजे मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर जोडायच्या सामाईक पाइपला, जास्त सिलिंडर, नाहीतर द्रवाला उष्णता देऊन वायू करणारा व्हेपोरायझर.

आता माझा लाडका बिघाड. ज्योत येते, छान निळी येते, आणि तीन-चार सेकंदांत विझते. सगळे गॅसवाल्यावर घसरतात. पण ज्योत आहे हे बर्नरला दिसलेलंच नसतं. ज्योतीत बुडालेली ती बारीक फ्लेम रॉड हाच त्याचा डोळा. रॉडवर एसी व्होल्टेज असतं, ज्योतीतून करंट मुख्यतः एकाच दिशेनं वाहतो, तोही काही मायक्रोअँपिअरच. रॉडवर काजळी किंवा पांढरी पूड बसली की तोही जातो. रॉड काढून बारीक स्टील वूलनं पुसा. सँडपेपर नको, त्याचे कण अंगावर राहतात. रॉडच्या चिनी मातीच्या आवरणाला केसाएवढी चीर असेल तर पुसत बसू नका, रॉड बदला.

रॉड चकचकीत, तरी तेच? मग विचारा, "लाईट कुठली हाय, लाईनची का जनरेटरची?" ज्योतीतला करंट बर्नरच्या धातूतून अर्थिंगमार्गे न्यूट्रलला परततो. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर त्याला घरी जायला वाटच नाही. पावसाळ्यात लाईट गेली की बॉयलर रुसतो, लाईट आली की आपोआप बरा होतो, आणि मधल्या वेळात आलेला मेकॅनिक काहीतरी बदलून पैसे घेऊन जातो. कुठे फेज-न्यूट्रल उलटे लागले असतील तरी हाच तमाशा. हे काम इलेक्ट्रिशियनचं. सेफ्टी स्विचला वायरचा तुकडा लावून 'डायरेक्ट' करणाऱ्याला मात्र बॉयलर रूमच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आणि एक प्रकार उरतो. तांबडा दिवा नाही, ज्योत निळी, बॉयलरवर ६० अंश, मामा छाती फुगवून उभे. तिसऱ्या मजल्यावर पाणी गारच. गरम पाणी वर फिरवणाऱ्या पंपात हवा अडकलीय. पंप बंद करून वरचा स्क्रू सैल करा, फुसफुस थांबून पाण्याची धार येऊ द्या, मग आवळा. तोवर वरून पहिल्या तांब्याचा आवाज आलेला असतो, आणि पाठोपाठ दातावर दात आपटत घातलेली हाक, "चांगभलं!"