डिस्क मोठी आणली, पण…

सर्व्हरची डिस्क भरली की पहिले आठ दिवस मी ते मान्यच करत नाही. यावेळी युजर लोक जागा नाही म्हणून बोंबलत होते आणि मी रूटने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याने, लॉगिन करून फाइल सेव्ह करून दाखवत होतो, हे बघा, होतंय की! आता ईएक्सटी४ (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, फाइल सिस्टिम) सहसा ५ टक्के जागा फक्त रूटसाठी राखून ठेवते हे मला माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही असं म्हणू.

शेवटी नवी डिस्क लावली, होम, म्हणजे सगळ्या युजरच्या फाइलींचं फोल्डर, तिकडे हलवायचं ठरलं. डिस्क जशीच्या तशी उतरवणाऱ्या डीडी कमांडला हातच लावला नाही, त्यात इफ (कुठून) आणि ऑफ (कुठे) यांची अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि ते येडं एका शब्दाने विचारत नाही. फाइली कॉपी करायला आरसिंक बरं. फक्त सोर्सच्या, म्हणजे जुन्या फोल्डरच्या नावाच्या, शेवटचा स्लॅश विसरलो (तो नसला की आतल्या फाइलींऐवजी अख्खं फोल्डरच कॉपी होतं), त्यामुळे दोन तासांनी बघतो तर नव्या डिस्कवर होमच्या आत होम!

परत केलं. पहिली फेरी लोक काम करत असताना, दुसरी, मधल्या काळात बदललेल्या फाइलींसाठी, रात्री सगळ्यांना बाहेर काढून, सिंगल युजर मोडमध्ये. मग एफएसटॅब, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची (माउंट करायची) ती यादी. रीबूटनंतर डिस्कचं नाव एसडीबीचं एसडीए होऊ शकतं म्हणून तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, यूयूआयडी, टाकायचा, म्हणजे ३२ आकडे-अक्षरं, तीही कन्सोलवर बघून हाताने टाइप. हा क्रमांक दाखवणाऱ्या ब्लकआयडी कमांडचं आउटपुट सरळ फाइलमध्येच ढकलता येतं हे मला एकतिसाव्या अक्षराला सुचलं. रीबूट करायच्या आधी यादीतल्या डिस्क जोडून बघणारं माउंट -ए मारलं ते बरं, कारण बीच्या जागी ८ पडला होता.

सगळं झालं, किती जागा भरली ते दाखवणारं डीएफ मारलं, आणि रूट, म्हणजे मूळची डिस्क, अजून १००%! अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा कळलं, जुनं होम जागेवरच आहे, नवीन डिस्क त्याच्यावर माउंट झालीये, सतरंजीखाली कचरा तसा.

मग अनमाउंट केलं, फाइलींची यादी दाखवणारं एलएस तीनदा मारून जुनंच दिसतंय याची खात्री केली, न विचारता सगळं उडवणारं आरएम -आरएफ टाइप केलं, आणि एंटरवरचं बोट काही खाली जाईना. शेवटी त्याचं नाव बदलून 'होम-जुनं' केलं, रिकामं होम बनवून नवीन डिस्क परत माउंट केली, म्हटलं दोन दिवस बघू, मग उडवू.

याला चार महिने झाले. काल कोणीतरी म्हणालं लॉग लिहिले जात नाहीयेत. मी रूटने फाइल सेव्ह करून बघितली, होतंय की.