लाईन पूर्ण सुटली म्हणजे तीस मीटर भरले का?

फ्लाय कास्टिंगवाल्यांत (मासेमारीची हलकी नकली माशी, म्हणजे फ्लाय, जाड लाईनच्या वजनाने लांब फेकणाऱ्यांत) एक दावा सतत फिरत असतो: 'तीस मीटरची लाईन पूर्ण सुटली, बॅकिंगची (लाईनच्या मागे जोडलेल्या बारीक दोरीची) गाठ रॉडच्या टोकाबाहेर आली, म्हणजे कास्ट तीस मीटरच्या वर. टेप कशाला हवी?'

टेप हवी, कारण स्पर्धेत लाईन मोजत नाहीत. फेकणाऱ्याच्या पुढच्या रेषेपासून फ्लाय पडली तिथपर्यंतचं सरळ अंतर मोजतात. लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांमधला बारीक दोरा, 2.7 मीटरचा धरू. सगळं ताठ पडलं तर फ्लाय रॉडच्या टोकापासून 32.7 मीटरवर. लीडर उलगडलाच नाही, मागे दुमडून पडला, तर 27.3 वर. गाठ दोन्ही वेळा बाहेरच, फरक मात्र 5.4 मीटरचा! हे बहुतेक वेळा घडतं ते लाईन शेवटपर्यंत मोकळी सोडल्यामुळे. हवेतला लाईनचा वळसा, म्हणजे लूप, उलगडायला ताणच मिळत नाही. सरावलेले हात शेवटच्या क्षणी बोटांनी लाईन किंचित रोखतात.

'वाकडी गेली म्हणून कमी भरली' हेही ऐकू येतं. फेकण्याच्या पट्ट्याच्या मध्यरेषेवर मोजलं आणि 30 मीटरवर फ्लाय 3 मीटर बाजूला पडली, तर नुकसान फक्त 15 सेंटिमीटर. खरं अंतर खातात ते लाईनचे नागमोडी वळसे.

पावलांनी मोजणं तर सोडूनच द्या. 40 पावलांत प्रत्येकी 3 सेंटिमीटर चुकले तरी 1.2 मीटर गेले. त्यामानाने वाऱ्याने मधोमध मीटरभर फुगलेली टेप जेमतेम 9 सेंटिमीटर जास्त दाखवते. टेपचा शून्य कडीच्या टोकाला आहे की पुढे, एवढं मात्र आधी बघा.

'विश्वविजेते पन्नास-साठच्या पुढे फेकतात, आपण तिशीत' ही तुलनाही फसवी. आंतरराष्ट्रीय एकहाती अंतर प्रकारात शूटिंग हेड (लाईनचा पुढचा जड भाग, ज्याच्या वजनाने मागची बारीक दोरी ओढली जाते) 38 ग्रॅमपर्यंत चालतं. साध्या 5 नंबरच्या लाईनचे (नंबर वजनाचा) पहिले 30 फूट भरतात साधारण 9 ग्रॅम.

अचूकतेत, म्हणजे पाण्यावरच्या रिंगेत फ्लाय टाकण्यात, 'रिंगजवळ पडली, चालतंय' म्हणणाऱ्यांनी अमेरिकन कास्टिंग असोसिएशनची ड्राय फ्लाय (तरंगणारी फ्लाय) स्पर्धा पाहावी. रिंग 30 इंच व्यासाची. सुरुवात 100 गुणांनी, आणि कडेपासून दर फुटाला किंवा त्याच्या अंशाला एक गुण वजा. म्हणजे दोन इंच हुकली काय नि अकरा इंच, एक गुण गेलाच. धरतात तो फ्लाय पहिल्यांदा पाण्याला टेकली तो बिंदू; नंतर ती वाहत रिंगेत आली तरी उपयोग नाही.